भांडं मोठं केलं की औषधही मोठ्या प्रमाणात होतं?

“नॅनोकणांचं औषध म्हणजे एक रेसिपी. प्रयोगशाळेत जमली की सगळं दहापट घ्या, शेवटी तपासा. गणिती मॉडेल शोधनिबंधापुरतंच.” हा मजकूर सध्या बराच फिरतोय. पटत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘सगळं दहापट घ्या.’ इथेच घोडं अडतं. इथेनॉलमध्ये विरघळलेले लिपिड (स्निग्ध रेणू) आणि आम्लधर्मी पाण्यातला आरएनए (पेशीला संदेश देणारा रेणू) एकत्र आले की लिपिड नॅनोकण, म्हणजे आरएनए वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण, तयार होतात. इथेनॉल पातळ होताच लिपिड विरघळलेले राहत नाहीत, गोळा होऊ लागतात. त्याआधी मिसळणं उरकलं तर कण लहान आणि एकसारखे होतात, रेंगाळलं तर मोठे आणि कमीजास्त आकाराचे. काचपात्रात हे डोळ्यांना दिसतं: झटकन मिसळलं तर द्रवाला निळसर झाक, हळू धार सोडली तर दुधाळ पांढरा. आता हिशोब करा. निव्वळ विसरणानं, म्हणजे न ढवळता रेणू आपोआप पसरून, मिसळायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गानं वाढतो. 1 मायक्रोमीटरला साधारण 1 मिलिसेकंद लागला, तर 1 मिलिमीटरला 1000 सेकंद, म्हणजे पाव तासाहून जास्त. भांड्यात ढवळण्यानं हे अंतर कमी होतं खरं, पण मोठ्या भांड्यात ते किती कमी होईल, हे समीकरणाशिवाय कसं कळणार?

‘मग छोटे मिक्सरच शेजारीशेजारी लावा.’ कोविड लशीसाठी फायझरनं हेच केलं. पण प्रत्येक मिक्सरला सारखा प्रवाह मिळायला हवा. अरुंद नळीतला संथ प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो. व्यास 5 टक्के कमी भरला, तर त्याच दाबाला प्रवाह 18 टक्क्यांहून जास्त घटतो. गणित टळलं नाही, फक्त जागा बदलून बसलं.

‘शेवटी तपासा.’ तपासणी हवीच. पण ती बॅच बिघडल्यावर बोलते, आणि का बिघडली ते सांगत नाही. शिवाय नुसती सरासरी फसवते: 80 नॅनोमीटरच्या कणापेक्षा 100 नॅनोमीटरच्या कणाचं आकारमान जवळपास दुप्पट असतं. कण एकमेकांना चिकटून कसे वाढतात याचं समीकरण पोलिश भौतिकशास्त्रज्ञ स्मोलुचोव्स्कीनं 1916 सालीच मांडलंय. आकारांची सगळी पसरण त्यातून काढता येते.

‘मॉडेल म्हणजे अंदाज.’ यात तथ्य आहे. त्यातले स्थिरांक प्रयोगातूनच येतात. पण नेमका कोणता प्रयोग करायचा, ते मॉडेल सांगतं: प्रवाहाचा वेग वाढवत जा आणि कणांचा आकार घटायचा कुठे थांबतो ते बघा. तिथे मिसळणं गोळा होण्याच्या पुढे गेलेलं असतं. कारखाना त्या वेगाच्या वरच चालवायचा.