‘करतेय’ला फ्रेंचमध्ये काय म्हणायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

प्रतिक्रिया सडेतोड आहे, आवडली. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की फ्रेंचमध्ये वेगळा चालू वर्तमानकाळ नाही. तुमच्या अकरावीतल्या मुलीला मात्र ‘एत्र आँ त्रँ द’ म्हणजे चालू वर्तमानकाळ असं शिकवलंय, आणि स्वाध्यायात तिला त्याचे मार्कही मिळाले. मग दिवाळीवरच्या निबंधात तिने तेच वापरून ‘आई साडी नेसलीय’ असं लिहिलं, तर बाईंनी लाल रेघ मारली. ‘शिकवतात एक, कापतात दुसरं, आणि तुम्ही संदर्भावरून कळतं म्हणून हात झटकता,’ असा तुमचा राग आहे.

आधी मार्कांचं. ‘आँ त्रँ द वापरून वाक्य पुन्हा लिहा’ असा प्रश्न आला तर निमूटपणे लिहायचं, तिथे वाद नको. पुस्तकांत ही रचना बहुधा ‘आत्ताच केलं’ आणि ‘करणार आहे’ यांच्या जोडीला येते. तीन साचे, तीन उत्तरं, तपासायलाही सोपं. घोळ होतो तो मुलं हा साचा प्रत्येक ‘करतेय’वर बसवायला लागतात तेव्हा.

कारण ‘करतेय’चं रोजचं काम फ्रेंचमध्ये साधा वर्तमानकाळच करतो. फोनवर कुणी विचारलं ‘त्यु फे क्वा?’, काय करतोयस, तर उत्तर ‘झ माँझ’. जेवतोय. संपलं. हाच माणूस ‘झ स्वी आँ त्रँ द माँझे’ म्हणाला, तर त्याला सांगायचंय की ताटावर बसलोय, मग फोन कर. म्हणजे ‘आँ त्रँ द’मध्ये क्रिया चालू असल्याची माहिती असतेच, वर जोरही असतो: मध्ये येऊ नकोस, हे अर्धवट आहे. कधी त्यात चिडही असते. ‘त्यु ए आँ त्रँ द म दीर क...’, म्हणजे ‘तू मला सांगतोयस की...’, अशी सुरुवात झाली की समजायचं, समोरचा आता ‘म्हणजे तुला म्हणायचंय तरी काय?’ असं विचारणार. पाऊस पडत असेल तर मात्र ‘इल प्ल’ एवढंच. पावसाला कोण अडवणार आहे?

आता साडी. नेसण्याची क्रिया चालू आहे, निऱ्या घालणं सुरू आहे, तर ‘एल ए आँ त्रँ द मेत्र सों सारी’ अगदी बरोबर. पण निबंधातली आई साडी नेसून दारात उभी आहे. ती क्रिया आटोपली, उरली ती स्थिती, आणि त्यासाठी ‘एल पोर्त अँ सारी’. तुमच्या मुलीने लिहिलं ‘एल ए आँ त्रँ द पोर्ते अँ सारी’. ‘पोर्ते’चा अर्थ वाहून नेणं असाही होतो, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटू शकतं की आई साडी उचलून कुठेतरी निघालीय. बाईंची रेघ योग्यच होती. कारण समासात लिहिलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.

तिला हे वाक्य सुचलं कुठून? मराठीतून नक्कीच नाही. आपण ‘नेसलीय’ म्हणतो, ‘नेसतेय’ नाही. तिने मनात आधी इंग्रजी वाक्य केलं, त्यातलं चालू रूप पाहिलं आणि त्याचं फ्रेंच केलं. हा मधला दलाल काढून टाका असं मी वर्गात सारखा सांगतो. ‘तो बसलाय’ याला इंग्रजी चालू काळ लावतं, फ्रेंच मात्र ‘इल ए आसी’ म्हणतं. आपल्यासारखंच, बसलेला आहे. ‘मी जूनपासून फ्रेंच शिकतेय’ याचं इंग्रजी करताना भल्याभल्यांची दमछाक होते. फ्रेंचमध्ये सरळ वर्तमानकाळ आहे: ‘झाप्राँ ल फ्राँसे दप्वी झ्वँ’. मुलं मात्र इंग्रजीच्या धाकाने तिथे भूतकाळ घालून मोकळी होतात.

मराठी सगळीकडे तारते असंही नाही. ‘उद्या पुण्याला जातोय’ यात आपलं ‘जातोय’ भविष्याचं काम करतं, तिथे ‘आँ त्रँ द’ चालतच नाही. हाक मारल्यावर आपण ‘आलो!’ म्हणतो, भूतकाळात. फ्रेंच माणूस ‘झारीव!’ म्हणतो, वर्तमानात. दोघंही अजून जागचे हललेले नसतात.

‘वेगळं रूप नसेल तर अर्थच हरवतो’ हा तुमचा मुद्दा मला पटत नाही. हरवला असता तर फ्रेंच लोकांनी रूप रोजच्या वापरात आणलं असतं. फ्रेंचमधून निघालेल्या काही भाषांनी ते आणलंही. मॉरिशसच्या क्रिओलमध्ये ‘मी जेवतोय’ला ‘मो पे माँझे’ म्हणतात. त्यातला ‘पे’ फ्रेंच ‘आप्रे’ (नंतर) वरून आला आणि चालू क्रियेची खूण बनला. तिथली मराठी वंशाची माणसंही रोजच्या बोलण्यात हाच ‘पे’ वापरतात. फ्रान्सच्या फ्रेंचला वर्तमानकाळात अशा सक्तीच्या खुणेची गरज पडली नाही. भूतकाळात ती हा फरक काटेकोरपणे करते: ‘पडत होता’ वेगळं, ‘पडला’ वेगळं.

मुलीला सांगा, लिहिताना आधी साधा वर्तमानकाळ वापर. मग वाक्यात मराठीतलं ‘अगदी आत्ता’ किंवा ‘मध्येच’ घालून बघ. ते नीट बसलं, तरच ‘आँ त्रँ द’चा विचार कर. ‘आई अगदी आत्ता दिवे लावतेय’ छान बसतं. ‘आई मध्येच साडी नेसलीय’ बसत नाही. निबंध पुन्हा लिहिला की इथेच टाकायला सांगा, मी बघतो.