‘ज्वाळा तुम्ही सिनेमात पाहिल्यात’ म्हणणाऱ्या वाचकास

१९७१ च्या युद्धात आपल्या नौदलाने कराचीवर हल्ले केले, त्यातल्या एका रात्रीबद्दल मी परवा लिहिलं. त्या लेखावर एक लांबलचक प्रतिक्रिया आली. ती मी काढून टाकलेली नाही, खाली आहेच. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांच्यासाठी तिचा गाभा इथे देतो : ‘काका, लिहिता छान. पण तुम्हीच म्हणता की तुम्ही स्टोकर (जहाजाचे बॉयलर सांभाळणारा नौसैनिक) होतात. लढाईच्या वेळी स्टोकर बॉयलर रूममध्ये असतो, डेकवर नसतो. शिवाय ४ डिसेंबरच्या हल्ल्यात तुमचं जहाज नव्हतंच. ज्वाळा तुम्ही ‘बॉर्डर’मध्ये पाहिल्यात आणि कराचीला चिकटवल्यात. वयोमानानुसार होतं असं.’ त्यापुढे एक हसरा पिवळा चेहरा. त्याच्याखाली आणखी चारपाच प्रश्न, त्यांचं नंतर बघू.

मूळ लेखात मी काय लिहिलं होतं? १९९७ साली ‘बॉर्डर’ बघताना वाळूत जळणारे रणगाडे दिसले आणि मला १९७१ च्या डिसेंबरातली ती रात्र आठवली, क्षितिजावर तांबडं पसरलं होतं ती. आणि पत्रांचं गाणं सुरू झालं तेव्हा मी उठून बाहेर गेलो. एवढंच. मी कराची पेटवली असं कुठेही म्हटलेलं नाही.

आता त्या ‘वयोमानानुसार’बद्दल. मुद्दा खोडायचा असेल तर खोडावा, माझी ना नाही. चाळीस वर्षं मी फोरमनपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांशी वाद घातलेत. पण पाच वाक्यं मुद्द्याची लिहायची आणि सहाव्या वाक्यात समोरच्याच्या डोक्यावर मायेने हात फिरवायचा, म्हणजे तो काही बोलला तरी ‘म्हातारा चिडला’ म्हणायला मोकळे, ही कुठली रीत? मला भूल पडली असं तुम्हाला वाटतं तर सरळ ‘खोटं बोलता’ म्हणा. त्याला निदान उत्तर देता येतं. हसऱ्या चेहऱ्याला काय उत्तर देणार?

वय झालंय हे खरं. पण आमच्या देवस्थानचा जमाखर्च आजही मीच लिहितो आणि चतुर्थीला वर्गणीचा हिशेब पैशाला पैसा जुळतो, गावात कुणालाही विचारा. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत जे शिकलो ते मला आज झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. थंड बॉयलर पेटवायचा तर आधी काय तपासायचं, कुठला व्हॉल्व्ह आधी, कुठला मागून, बॉयलरमध्ये तेल फवारणाऱ्या स्प्रेयरची तोटी घाण झाली तर ज्योत कशी फाटते. नेव्ही सोडल्यावर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी बॉयलर अटेंडंट म्हणून उरलेली नोकरी काढली. तिथल्या माझ्या हाताखालच्या पोरांना अजून माझ्या शिव्या पाठ आहेत. अशा माणसाला, ज्याने बॉयलर रूम नुसती ऐकली असेल अशा कुणीतरी, स्टोकर कुठे असतो ते समजावून सांगायचं! ह्याला आमच्याकडे नाकाने कांदे सोलणं म्हणतात.

एक गोष्ट मात्र तुमची बरोबर. लेखात मी ‘ट्रायडंटच्या रात्री’ असं लिहिलं होतं ते बदललं आहे. ऑपरेशन ट्रायडंटमध्ये ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका कराचीवर गेल्या, सोबत किल्तान आणि कच्छल या युद्धनौका. त्यांनी पाकिस्तानच्या खैबर आणि मुहाफिज बुडवल्या. त्याच हल्ल्याची तारीख आपण नौदल दिन म्हणून पाळतो, त्यामुळे बोटं आपसूक ‘ट्रायडंट’ टाइप करतात. मी म्हणतो ती रात्र ८ तारखेची, ऑपरेशन पायथनची. विनाश ही एकच क्षेपणास्त्र नौका आणि जोडीला तलवार आणि त्रिशूल या युद्धनौका. त्यांचं एक क्षेपणास्त्र कराची बंदरातल्या किमारीच्या तेलटाक्यांवर पडलं. झालं समाधान? एका शब्दाची दुरुस्ती होती, एका ओळीत सांगता आली असती.

आणि ८ तारीखच कशावरून, तर समुद्रावरून. त्या रात्री समुद्र खवळलेला होता, ह्याची नोंद कुठल्याही पुस्तकात सापडेल. मला पुस्तक लागत नाही. बॉयलरवर पाण्याची काच असते, आतलं पाणी किती आहे ते दाखवणारी. जहाज शांत असेल तर पाणी त्या काचेत बोटभर हलतं. त्या रात्री ते खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत नाचत होतं आणि मधेच दिसेनासं होत होतं. दिसेनासं होतं तेव्हा दोनच शक्यता असतात, काच पूर्ण भरली आहे किंवा पूर्ण रिकामी आहे, आणि नुसतं बघून ह्यातलं कुठलं ते कळत नाही. पाणी कमी पडलं तर नळ्या जळतात. जास्त झालं तर ते वाफेबरोबर टर्बाइनमध्ये जातं आणि पाती मोडतात. काचेखालचा कॉक उघडून बघायचं, पाणी येतं की नुसती वाफ. एका हाताने आधार पकडलेला, दुसऱ्या हाताने कॉक, घाम डोळ्यांत आणि चीफ मागून ओरडतोय. मिठाच्या गोळ्या खाऊन तोंड खारट. हे मी कुठल्या सिनेमात पाहिलं म्हणायचं?

तर मी वर गेलो होतो. कशाला गेलो होतो हे लेखात लिहिलं नव्हतं, कारण ते मला महत्त्वाचं वाटलं नाही. चिमणीतून ठिणग्या उडतायत का ते बघून यायला चीफने पाठवलं असेल, कारण अंधार केलेल्या जहाजावर ठिणगी म्हणजे शत्रूला आमंत्रण. किंवा कुणाला निरोप द्यायचा असेल. किंवा वॉच संपल्यावर हवा खायला गेलो असेन, कारण मिडल वॉच, म्हणजे मध्यरात्रीची पाळी, पहाटे चारला सुटला की पहिली गोष्ट सगळे तीच करायचे. तुम्ही म्हणाल, पाहा, नक्की नाही! नसेल. तुम्ही मागच्या महिन्यातल्या कुठल्या बुधवारी जिन्यावरून का उतरलात ते सांगता का? पण जिना उतरलात हे तुम्हाला ठाऊक असतं. वर गेलो, वारा तोंडावर आला, आणि एका बाजूला आभाळाच्या कडेला तांबडं होतं. शेजारी कुणीतरी म्हणालं, कराची. कोण म्हणालं ते विचारू नका. अंधारात चेहरे दिसत नाहीत.

किती मैलांवरून, हाही तुमचा एक प्रश्न आहे. नकाशा ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे असतो, बॉयलर रूममध्ये नाही. रिअर ॲडमिरल कुरुविला यांचा ताफा अरबी समुद्रात होता आणि आम्ही त्या ताफ्यात होतो, ह्यापेक्षा जास्त स्टोकरला कुणी सांगत नसे आणि स्टोकर विचारत नसे. टाक्यांची आग साठ मैलांवरून दिसत होती असं लोक लिहितात. मी काही फूटपट्टी लावली नव्हती.

आणि अहो, आगीचं जाऊ द्या, ती आग लावली कुणी ह्यावर नौदल आणि हवाई दल ह्यांचं आजतागायत एकमत नाही! ४ तारखेला सकाळी हंटर विमानांनी किमारीवर मारा केला होता, म्हणून हवाई दलाचे निवृत्त साहेब म्हणतात टाक्या आमच्या. नेव्हीचे साहेब म्हणतात आमच्या. छातीवर पदकं लावलेली माणसं, हाताशी कागद आणि फाइली, आणि तरी वाद मिटत नाही. त्यांना कुणी ‘वयोमानानुसार’ म्हणत नाही. ते ऑफिसर होते ना.

आता ‘बॉर्डर’. ‘लष्कराच्या सिनेमात नौदलाचं काय’ असं तुम्ही विचारलंत. सिनेमात समुद्राचा थेंब नाही हे मलाही दिसलं, चष्मा होता. सिनेमातली ती लोंगेवालाची लढाई ४ डिसेंबरच्या रात्री सुरू झाली, म्हणजे आमच्या बोटी कराचीकडे निघाल्या त्याच रात्री. तुम्हाला तारखांची एवढी हौस, तर ही तारीख कशी नजरेतून सुटली? आणि सिनेमा खरं सांगतो असं मला वाटतं हा शोध तुम्ही कुठून लावलात? सुनील शेट्टीने ज्या भैरोसिंगांचं काम केलं ते पडद्यावर मरतात. खरे भैरोसिंग राठोड सीमा सुरक्षा दलात नाईक होते आणि डिसेंबर २०२२ पर्यंत जिवंत होते. स्वतःचं मरण पडद्यावर बघून पंचवीस वर्षं जगले. हे सगळं मला ठाऊक आहे. ठाऊक असूनही मला त्या सिनेमात जे दिसायचं ते दिसलं.

कारण बॉयलर रूमला खिडकी नसते. आमचं युद्ध म्हणजे आवाज. ब्रिजवरून हुकूम देणाऱ्या टेलिग्राफची घंटा, पंख्यांची घरघर, वेग वाढवायचा हुकूम आला की स्प्रेयर पेटवण्याची धांदल. बाहेर काय झालं ते दुसऱ्या दिवशी ट्रान्झिस्टरवर कळायचं, तेही मुंबईत काचांना तपकिरी कागद चिकटवून बसलेल्या लोकांना कळल्यानंतर. घरी आलो तेव्हा गावात लोक मला लढाईची गोष्ट सांगत होते! एकजण तर म्हणाला, ‘मेल्या, तू खंय होतंस तेव्हां?’ मी म्हटलं, खाली होतो. तेव्हा ज्याला काहीच दिसलं नाही त्याने पुढे पंचविसेक वर्षांनी ठाण्याच्या थिएटरात बसून काही बघितलं, तर त्यात तुमचं काय गेलं? आणि तांबडं आधीचं होतं. ते सिनेमाच्या आधीचंच होतं.

पत्रांच्या गाण्याबद्दल तुम्ही ‘अतिभावुक’ असा एक शब्द टाकून पुढे गेलात. त्यावर मी लिहिणार नव्हतो. लोणावळ्याला माझ्याबरोबर शिकलेला एकजण खुकरी या युद्धनौकेवर होता, माझ्यासारखाच खालचा. ९ डिसेंबरला संध्याकाळनंतर दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने खुकरी बुडवली. खुकरीचे कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर गेले, सोबत अठरा अधिकारी आणि १७६ नौसैनिक अशी नोंद आहे, अधिकाऱ्यांत मुल्लाही आले. फ्लीट मेल ऑफिसमार्फत येणारी टपाल त्या दिवसांत उशिरा पोचायची. त्याचं अंतर्देशीय पत्र मला त्यानंतर मिळालं. त्यात लढाईचं अक्षर नव्हतं. लोणावळ्याच्या चिक्कीचे पैसे माझ्याकडे बाकी होते, ते त्याने मागितले होते. आता तुम्ही म्हणा अतिभावुक.

उरलेले प्रश्न. सर्व्हिस सर्टिफिकेटचा फोटो टाका म्हणता, तो टाकणार नाही. ते सैनिक कल्याण कार्यालयात दाखवायचं असतं, तिथे दाखवलेलं आहे. जहाजाचं नाव लेखात का नाही? कारण नाव लिहिलं की त्या जहाजावरचे आणखी दहाजण आपापली रात्र घेऊन येतील आणि मला दहा उत्तरं लिहावी लागतील. ‘शुद्धलेखनाच्या चुका आहेत’ : असतील. ‘इतिहास असा लिहीत नाहीत’ : मी इतिहास लिहीतच नाही, तो लिहायला पगारी माणसं आहेत. २०२३ साली नौदल दिन आमच्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला तेव्हा गर्दीत तुमच्यासारखी बरीच हुशार मंडळी दिसली. युद्धनौकांकडे पाठ करून सेल्फी काढत होती.

शेवटी तुम्ही लिहिता की तुमचे वडीलही नेव्हीत होते आणि ते ‘असलं काही सांगत नाहीत’. कुठल्या शाखेत होते, कुठल्या साली होते, हे मात्र लिहिलं नाहीत. माझ्याकडून दाखला मागता आणि स्वतःच्या घरचं मोघम ठेवता. ते स्टोअर्समध्ये किंवा किनाऱ्यावरच्या ऑफिसात असतील तर सांगायला काही नसेल, हे मान्य. पण ते इंजिन रूमवाले असतील, आणि ७१ साली समुद्रात असतील, तर ते सांगत नाहीत म्हणजे त्यांना काही दिसलं नाही असं धरून चालू नका. तुम्ही त्यांना कधी विचारलंत का, ते आधी आठवून बघा. विचारताना ‘वयोमानानुसार’ म्हणू नका.

त्यांनी स्वतः इथे काही लिहिलं तर मी ते आहे तसं छापेन, माझ्याविरुद्ध असलं तरी. तुमची पुढची प्रतिक्रिया आधी वाचेन, मग ठरवीन.