नोटाचं कलम काढलेलं नाही

‘साहेबांचा फोन आला आणि निवडणूक सुधारणांच्या निवेदनातून नोटाचं कलम उडालं’ असा मेसेज आमच्या निवेदनाच्या फोटोसह सांगलीत फिरतोय. (नोटा म्हणजे मतदानातला ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय.) फोन आला होता, हे खरं. कलम मात्र जागेवर आहे. फोटोत दिसणारी लाल रेघ माझीच. ‘निवडणुक’मधला णु दीर्घ केला होता, बाकी काही नाही.

दुरुस्तीचा विचार चालू आहे, पण वेगळ्याच कारणानं. नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक, हा आदेश महापालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्येच काढलाय. आम्ही तेच पुन्हा मागत बसलो होतो! आता विधानसभेसाठी मागायचं का, ते रविवारच्या बैठकीत ठरेल. फोन करणाऱ्यांनीही यावं, सगळ्यांसमोर बोलावं.