रक्तातलं वाढलेलं कॅल्शियम ताटातून येत नाही

गेले काही महिने एक संदेश या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. त्याचा सारांश असा: "रिपोर्टमध्ये कॅल्शियम थोडं जास्त आलं तर घाबरू नका, वयानुसार वाढतंच. दूध आणि व्हिटॅमिन डी बंद करा, भरपूर पाणी प्या, आपोआप उतरेल. पॅराथायरॉईड म्हणजे थायरॉईडचाच प्रकार. पीटीएच नॉर्मल असेल किंवा स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही, तर विषय संपला. ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका, आवाज जातो."

माझ्या मावशीने यातलं जवळजवळ सगळं तीन वर्षं केलं. तिचं कॅल्शियम (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) १०.९, मग ११.१, मग ११.२ असं सरकत गेलं. मधल्या काळात मूतखडा दोनदा झाला आणि मनगट एकदा मोडलं. खड्याचा कागद एका फाइलमध्ये, मनगटाचा दुसऱ्या, कॅल्शियमचा तिसऱ्या. तिन्ही शेजारी ठेवून कोणी वाचलेच नाहीत. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी "थायरॉईडचाच प्रकार" हे घेऊ. नावापलीकडे आणि शेजारापलीकडे या दोन ग्रंथींचा संबंध नाही. पॅराथायरॉईड ग्रंथी सहसा चार असतात, थायरॉईडच्या मागे, तांदळाच्या दाण्याएवढ्या. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी १८८० साली माणसातल्या या ग्रंथींचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांचं काम एकच, रक्तातलं कॅल्शियम ठरावीक पातळीवर राखणं. ते कमी झालं की या ग्रंथी पॅराथायरॉईड हार्मोन, म्हणजे पीटीएच, सोडतात. पीटीएच हाडांतून कॅल्शियम काढायला लावतं, मूत्रपिंडांना ते धरून ठेवायला सांगतं आणि व्हिटॅमिन डी कार्यरत करून आतड्यांकडून जास्त शोषून घेतं. पातळी भरली की ग्रंथींनी गप्प बसायचं. थायरॉईडच्या गोळीचा या व्यवहाराशी काही संबंध नाही.

मावशीचा आजार म्हणजे प्राथमिक हायपरपॅराथायरॉईडिझम. त्यात एखादी ग्रंथी गप्प बसायचं विसरते. दहातल्या आठ रुग्णांत, किंवा त्याहून जास्त, ही एकाच ग्रंथीवरची साधी गाठ असते. काहींत एकाहून जास्त ग्रंथी फुगतात. कर्करोग अगदी क्वचित, शंभरात एकापेक्षाही कमी.

आता दूध. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. बिघडलेली ग्रंथी रक्तात कॅल्शियम ओतते ते मुख्यतः या साठ्यातून. आहारातलं कॅल्शियम तोडलं की पीटीएच आणखी चढण्याची शक्यता असते आणि हाडांवरचा उपसा वाढतो. म्हणूनच या रुग्णांना आहारातलं कॅल्शियम नेहमीइतकंच ठेवायला सांगतात. व्हिटॅमिन डी कमी असेल तर तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बेताच्या मात्रेत भरून काढतात, कारण त्याची कमतरता पीटीएचला आणखी चिथावते. पाणी पिणं मात्र बरोबर आहे. कोरडं पडलेलं शरीर कॅल्शियम वाढवतं आणि खड्यालाही वाव देतं. पण पाण्याने गाठ विरघळत नाही.

संदेशात एक कणभर खरं आहे, ते मान्य करायला हवं. कॅल्शियमच्या गोळ्या किंवा व्हिटॅमिन डी बेसुमार घेतल्याने रक्तातलं कॅल्शियम खरोखर चढू शकतं. फरक कुठे? तेव्हा निरोगी ग्रंथी गप्प बसतात आणि पीटीएच तळाला जातं. कर्करोगामुळे कॅल्शियम वाढतं तेव्हाही बहुधा असंच होतं. म्हणून कॅल्शियम जास्त दिसलं की ते पुन्हा तपासायचं, अल्ब्युमिन (कॅल्शियम ज्याला चिकटून राहतं ते रक्तातलं प्रथिन) लक्षात घेऊन, आणि त्याच रक्तात पीटीएच पाहायचं. पुढची वाट तिथून फुटते.

इथेच "पीटीएच नॉर्मल" हा सगळ्यात घातक मुद्दा येतो. मावशीचं पीटीएच ६२ आलं, प्रयोगशाळेची वरची मर्यादा ६५. कागदावर एकही तांबडी खूण नाही, आणि सगळे निर्धास्त. पण कॅल्शियम ११.२ असताना तिच्या ग्रंथी जवळजवळ बंद असायला हव्या होत्या. तेव्हा ६२ हा आकडा नॉर्मल नव्हे, तोच बिघाड होता. पीटीएच एकट्याने कधीच वाचू नये. उलट बाजूही लक्षात ठेवा: कॅल्शियम कमी किंवा ठीक आणि पीटीएच जास्त असेल, तर बहुतेक वेळा व्हिटॅमिन डीची कमतरता किंवा मूत्रपिंडाचा आजार असतो. तिथे ग्रंथी बिचाऱ्या आपलं काम करत असतात आणि उपाय मूळ कारणावर करायचा असतो. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, काही चाचण्यांत त्यामुळे पीटीएच खोटंच कमी दिसतं. मनोविकारांवरच्या लिथियमने आणि थायाझाइड गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही कॅल्शियम चढतं. चोवीस तासांच्या लघवीतलं कॅल्शियम मोजतात त्यामागेही कारण आहे: एका आनुवंशिक अवस्थेत रक्ताचे आकडे अगदी असेच दिसतात, पण लघवीत कॅल्शियम फार कमी उतरतं, आणि अशा लोकांना शस्त्रक्रियेचा उपयोग नसतो.

"वयानुसार वाढतंच" हे साफ चूक. वय वाढलं म्हणून कॅल्शियमची मर्यादा वर सरकत नाही. हा आजार रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत जास्त आढळतो, एवढंच. थकवा, उदासी, बद्धकोष्ठता, विसरभोळेपणा या तक्रारी मग वयाच्या खाती जमा होतात. हाडांची घनता तपासताना मनगटाजवळचं, पुढच्या हाताचं हाड मुद्दाम मोजायला सांगा. या आजारात झीज तिथे ठळक असते आणि नेहमीच्या तपासणीत नेमकी तीच जागा सुटते.

स्कॅनबद्दल थोडक्यात. निदान रक्तावरून होतं. सोनोग्राफी, सेस्टामिबी स्कॅन (किंचित किरणोत्सर्गी औषध टोचून काढलेला) किंवा सीटी हा सर्जनसाठी नकाशा आहे. नकाशात घर दिसलं नाही म्हणजे घर नाही असं होत नाही. हाच आजार असलेल्या चार्ल्स मार्टेल या अमेरिकी जहाजाच्या कप्तानाची गाठ सातव्या शस्त्रक्रियेत, १९३२ साली, छातीत सापडली. मावशीच्या स्कॅनमध्येही काही दिसलं नव्हतं, अनुभवी सर्जनना ती मानेतच मिळाली.

शस्त्रक्रियेची भीती मला समजते. आवाजाची नस थायरॉईडच्या मागून जाते, धोका शून्य नाही. पण नेहमी ही शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांत कायमची इजा शंभरात एखाद्यालाच होते आणि पंचाण्णवहून अधिक जण बरे होतात. पीटीएच रक्तातून काही मिनिटांतच विरतं, त्यामुळे गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी रक्त तपासून ते निम्म्याहून खाली आलं का हे टेबलावरच पाहता येतं. नंतर काही दिवस ओठांना, बोटांना मुंग्या येऊ शकतात, कारण भुकेली हाडं कॅल्शियम ओढून घेतात. तेव्हा गोळ्या लागतात.

सगळ्यांनाच शस्त्रक्रिया लागते असंही नाही. वय पन्नासच्या आत, कॅल्शियम वरच्या मर्यादेपेक्षा १ मिलिग्रॅमहून जास्त, हाडांच्या घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे २.५ किंवा खाली, मणक्याचं फ्रॅक्चर, मूतखडा, मूत्रपिंडाचं काम घटलेलं: यांपैकी काही असेल तर ती सुचवतात. नसेल तर दरवर्षी रक्त आणि ठरावीक काळाने हाडं तपासत थांबता येतं. औषधांपैकी सिनॅकॅल्सेट कॅल्शियम उतरवतं, हाडं भरत नाही. अलेन्ड्रोनेट हाडं सावरतं, कॅल्शियम फारसं उतरवत नाही. गाठ दोन्हींनी जात नाही.

राहिलं "घाबरू नका". १०.९ला धावपळ करायची गरज नाही, तपासणी करायची गरज आहे. पण कॅल्शियम १४च्या आसपास गेलं, सतत उलट्या होऊ लागल्या, लघवी फार होऊन तोंड कोरडं पडलं, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा गुंगीत गेला, तर तो संदेश बाजूला ठेवून त्याच तासाला रुग्णालय गाठा. तिथे शिरेतून सलाइन लावावं लागतं, घरी पाणी पाजत बसून भागत नाही.