फोटोच्या काचेवर स्प्रे मारू नका, हात जोडून सांगते

घटस्थापनेआधीच्या साफसफाईत माझ्या आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो गेला. १९५८ सालचा, कृष्णधवल. दोघांचा तरुणपणीचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही, निगेटिव्हही नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीचं पाणी पंचवटीतल्या आमच्या दाराशी आलं, तेव्हा बाबांनी टीव्ही, फ्रीज सगळं तसंच टाकलं आणि हा फोटो छातीशी धरून वरच्या मजल्यावर नेला. पुरातून वाचलेला फोटो काच पुसायच्या स्प्रेने घालवला!

पैसे मोजून साफसफाईला माणसं बोलावली होती. त्यातल्या एकाने भिंतीवरच्या फ्रेमवर सरळ चार-पाच फवारे मारले. मी ओरडेपर्यंत ओघळ खालच्या पट्टीत उतरलेसुद्धा. अरे, पाणी तिथे थांबत नाही. पट्टीच्या खाचेतून ते आत जातं आणि काच-फोटोच्या फटीतून वर चढतं. जुन्या फोटोचं चित्र कागदावरच्या जिलेटिनच्या थरात असतं. ओल लागली की तो थर फुगतो, मऊ पडतो आणि वाळताना काचेला डिंकासारखा धरून बसतो. त्या पोराला हे कोणी सांगितलंच नव्हतं, त्याच्यावर काय चिडू? चीड येते ती त्याच्या मालकाची. फोन केला तर म्हणतो, "पण ताई, काच स्वच्छ झाली ना?"

आणि तो फ्रेमवाला! पुरानंतर त्याच्याकडूनच फ्रेम बदलून घेतली होती. जुन्या फ्रेममध्ये माउंट होता, म्हणजे काच आणि फोटोच्या मधली जाड पुठ्ठ्याची चौकट, त्यामुळे फोटो काचेला टेकत नव्हता. इतकी वर्षं टिकला तो त्याच्याच जिवावर. याने माउंट कुजला म्हणून फेकला आणि नवा घातलाच नाही. मला न विचारता! फोटो थेट काचेला भिडवून मागून बारीक चुका ठोकल्या, झालं काम. आता चिकटलेला फोटो घेऊन गेले, तर माझं बोलणं पुरं व्हायच्या आत त्याने एक कोपरा धरून ओढला. टर्रकन आवाज आला. आजीची नथ आणि अर्धा गाल काचेवर राहिला. कागदावर त्या जागी नुसता पांढरा ओरखाडा.

चिकटलेला फोटो कधीही ओढायचा नसतो. काचेसकट तसाच ठेवून आधी स्कॅन करायचा असतो. हा धंदा करणाऱ्याला एवढंही माहीत नसावं?

पुसायचं कसं, तर फ्रेम खाली उतरवून आडवी ठेवा, आधी कोरड्या मऊ फडक्याने धूळ काढा. डाग असलाच तर फडकं जेमतेम ओलं करा, काच नाही, आणि कडेपासून बोटभर आतच थांबा. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक असेल तर अमोनियाचा स्प्रे त्या फडक्यावरही नको, ते पांढुरकं पडतं. आणि नाशिकच्या पावसाळ्यात भिंती ओल धरतात, तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळू द्या. यातल्या कशाला फार पैसे लागतात?

निघताना फ्रेमवाला विचारतो, "जुनी काच टाकून देऊ का?" हिसकावून घेतली मी ती त्याच्या हातातून. बटर पेपरमध्ये गुंडाळून कपाटात ठेवलीय. बाबांना अजून दाखवलेली नाही.