दोन स्टार, एक किलोमीटरचा बफर आणि तुटलेला सिंहगड

नमस्कार, तुमचा रिव्ह्यू काल रात्रीच वाचला, लगेच उत्तर टाईप करायला बसलो होतो पण बायको म्हणाली सकाळी लिही, म्हणून आत्ता लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की दोन दिवसांच्या डिजिटल मॅपच्या क्लासला पैसे घेतले आणि शिकवलं काय तर क्यूजीआयएस हे मॅप बनवायचं फुकटातलं सॉफ्टवेअर, शनिवार अख्खा प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट मॅपवर मांडायच्या पद्धतींत) घालवला आणि रविवारी वेब मॅपवर मराठी नावं तुटकी आली.

शेवटच्या मुद्द्यावर काही बोलायलाच जागा नाही, चूक माझी. क्यूजीआयएसमध्ये सिंहगड नीट दिसत होता आणि ब्राउझरमध्ये गेल्यावर वेलांटी 'स'च्या पलीकडे जाऊन बसली, जोडाक्षरांचे पाय मोडले. आपण वापरलेली व्हेक्टर टाइल्सची लायब्ररी, म्हणजे ब्राउझरमध्येच मॅप आणि नावं रेखाटणारा तयार कोड, अक्षरं एकेक सुटी मांडते, इंग्रजीला ते चालून जातं, देवनागरीला नाही. मी आदल्या दिवशी ट्रायल घेतली ती इंग्रजी नावांवर, हा गाढवपणा. यावर साधा उपाय म्हणजे क्यूजीआयएसमधूनच नावांसकट रास्टर टाइल्स, म्हणजे मॅपचे तयार चित्र-तुकडे, काढायच्या, फाइल जड होते पण सिंहगड सिंहगड राहतो.

पण प्रोजेक्शनचं मात्र मला पटत नाही. आठवतंय का, तुम्ही तुमच्या शाळांच्या पॉइंट्सभोवती बफर, म्हणजे ठरावीक अंतराचं वर्तुळ, काढताना १ टाकलात आणि सातारा आत आला? लेयर अक्षांश-रेखांशात होता, त्यामुळे तो १ किलोमीटर नव्हता, १ डिग्री होता, म्हणजे जवळपास १११ किलोमीटर. सगळा वर्ग हसला, मीही हसलो, ते बरं दिसलं नाही. पण अशी चूक निदान डोळ्यांना दिसते हो, खरा घोळ वेब मर्केटरमध्ये, म्हणजे बहुतेक ऑनलाइन मॅप वापरतात त्या प्रोजेक्शनमध्ये. तिथे १००० मीटरचा बफर दिसतो अगदी शहाण्यासारखा आणि पुण्याच्या अक्षांशावर जमिनीवर भरतो साधारण ९५० मीटर. कडेची एखादी शाळा गळली तर कुणाला कळणारही नाही. म्हणून शनिवारी यूटीएम झोन ४३, म्हणजे आपल्या पट्ट्यात मीटरमध्ये नीट मोजणारं प्रोजेक्शन, आणि त्याचा ३२६४३ हा कोड, परत परत. कंटाळवाणं आहे, मान्य, पण पुढच्या बॅचलाही शनिवार तिथेच जाणार.

सॉफ्टवेअर फुकट आहे हे मी पहिल्या दहा मिनिटांतच सांगितलं होतं, पैसे शिकवण्याचे घेतो, आणि क्लास संपल्यावर लायसन्ससाठी तुम्हाला कुणाच्या दारात जावं लागत नाही हा फायदाच ना.

तुमचे लाल-हिरवे रंग बदलायला लावले त्याचा राग दिसतोय. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यांना तुमचा मॅप एकरंगी चिखल दिसला असता, कलरब्रूअर या मॅपचे रंग निवडायच्या साइटवर जाऊन पाहा, तिथे अशा लोकांना चालतील असे रंग वेगळे निवडता येतात. आणि गूगल मॅपचा स्क्रीनशॉट गिरवू का या तुमच्या प्रश्नाला मी फटकन नाही म्हणालो ते नीट सांगायला हवं होतं. त्यांच्या अटींत ते बसत नाही, लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा घ्या, फक्त कोपऱ्यात त्यांचं श्रेय द्या, ते विसरू नका.

पुढच्या बॅचच्या रविवारी या, फी नाही, तुमचाच शाळांचा मॅप मराठी नावांसकट पूर्ण करून देतो. माऊस आणा, टचपॅडवर डिजिटायझिंग (क्लिक करत मॅप गिरवणं) करताना हात भरून येतो, आणि मागच्या बाकाजवळचा प्लग अजून बंदच आहे तेव्हा पुढे बसा.