अनुभवी कामगारास प्रमाणपत्र मिळवून देताना मालकाने घ्यावयाची काळजी

आपण बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, एखादे वर्कशॉप चालवत असाल आणि वीस-बावीस वर्षे लेथवर उभा असलेला, शाळा मात्र आठवीतच सुटलेला एखादा मिस्त्री आपल्या पदरी असेल, तर सरकारने त्याच्यासाठी केलेल्या सोयीचा लाभ आपण अवश्य घ्यावा. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, काम करता करता अंगी आलेले कौशल्य तपासून त्याचे प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. तिला आरपीएल (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग, म्हणजे आधीच शिकलेल्याची दखल) म्हणतात. कामगाराला शुल्क पडत नाही आणि मूल्यमापन आपल्याच कारखान्यात करून घेता येते. हे ऐकून घाबरू नये. थोडी दक्षता घेतल्यास सारे यथासांग पार पडूनही आपल्या पगारपत्रकाला धक्का लागत नाही.

योजनेच्या 2016 नंतरच्या टप्प्यात परीक्षेपूर्वी बारा तासांचे उद्बोधन ठेवलेले होते आणि उत्तीर्ण होणाऱ्यास पाचशे रुपये मिळत असत. बावीस वर्षांवर बारा तासांचा संस्कार झाला, की ज्ञान अधिकृत होते. आपला मिस्त्री चार जबड्यांच्या चकमध्ये वेडावाकडा जॉब धरून, डायल लावून, तो दोन शतांश मिलिमीटरच्या आत फिरता करतो; टूलची धार गेल्याचे त्याला मोजण्याआधी आवाजावरून कळते. मात्र परीक्षकाच्या टॅबलेटवर आवाजासाठी रकाना नसतो, त्यामुळे या गोष्टींचा फार गवगवा करू नये. सुरक्षा बुटांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर तेवढे त्याच्याकडून पाठ करून घ्यावे. बूट देण्याची तितकी घाई नाही.

फोटो काढावा, बॅनर मोठा असावा.

खरी दक्षता यानंतर, हजेरीपत्रकात घ्यायची असते. किमान वेतन ठरवताना कामगारांचे अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि अतिकुशल असे वर्ग विचारात घ्यावेत, असे 2019 ची वेतन संहिता सांगते. याचा अर्थ, ज्या माणसाला आपण परवा हार घालून कुशल ठरवले, त्याला पहिल्या तारखेला ‘हेल्पर’ म्हणून पगार देणे ही जरा नाजूक कसरत आहे. ती बहुतेकांना साधते, कारण प्रमाणपत्र छापणारे कार्यालय आणि हजेरीपत्रक तपासणारे कार्यालय यांची सहसा गाठ पडत नाही. मिस्त्रीने विचारलेच, तर ‘प्रमाणपत्र म्हणजे सन्मान, आणि सन्मानाची किंमत पैशात करायची नसते’, असे शांतपणे सांगावे. हे वाक्य बोलताना आपल्या टेबलावर नव्या मोटारीचे कोटेशन उघडे पडलेले नसावे.

प्रमाणपत्राचा उपयोगच नाही, असे मात्र मुळीच नाही. मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचा ऑडिटर आला, की तो कामगारांच्या पात्रतेचे पुरावे मागतो. त्या दिवशी भिंतीवरच्या कौशल्य तक्त्यात मिस्त्रीच्या नावापुढील चारही चौकोन भरलेले असावेत आणि प्रमाणपत्राची रंगीत प्रत फायलीत वर असावी. ऑडिटरला दाखवायची फाईल आणि हजेरीपत्रक ही वेगवेगळ्या कपाटांत ठेवावीत, म्हणजे एकच माणूस एका कपाटात निष्णात आणि दुसऱ्या कपाटात हरकाम्या असला तरी कुणाला अडचण होत नाही. मूळ प्रत सुरक्षिततेसाठी आपल्याच तिजोरीत असावी. अलीकडे ही प्रमाणपत्रे डिजिलॉकरमध्येही मिळू लागली आहेत, ही गोष्ट मिस्त्रीच्या मुलीला ठाऊक असण्याची शक्यता आहे. तिला कारखान्याच्या स्नेहसंमेलनाला बोलावू नये.

एखादे जाणते गृहस्थ आपल्याला ऐकवतील, की याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढले, हाताच्या विद्येला शाळेत जागा दिली आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी ते शिक्षण लोकांच्या भाषेत देण्याचा आग्रह धरला. त्यांच्याशी वाद घालू नये. हा मुद्दा महाराजांच्या जयंतीच्या भाषणात फार शोभतो, तेव्हा दांडिया बाजारातल्या कार्यक्रमाला आपणच त्यांना अध्यक्ष म्हणून सुचवावे आणि चहाचा खर्च उचलावा.

शेवटी भरतीविषयी. काम वाढले आणि दुसरा टर्नर हवा झाला, तर जाहिरातीत ‘आयटीआय उत्तीर्ण’ ही अट घालावी आणि आरपीएलचे प्रमाणपत्र घेऊन बाहेरून कुणी आलाच, तर ‘हे तसे खरे प्रमाणपत्र नव्हे’ म्हणून त्याला परत पाठवावे. निवडलेल्या मुलाला कुशल कामगाराचा पगार द्यावा, कारण त्याच्याजवळ कागद आहे, आणि पहिले सहा महिने आपल्या मिस्त्रीच्या हाताखाली उभे करावे, कारण थ्रेड कसा कापायचा हे त्याला अजून नीट यायचे आहे. शिकवण्याचा वेगळा भत्ता मिस्त्रीने मागितला, तर प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र आणायला सांगावे.